विशीतला ऑर्केस्ट्रा

क्लासिकल कॉन्सर्ट म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? स्टेजवर पांढरे केस, पहिल्या रांगेत पांढरे केस, आणि मागे कुठे तरी बळेच धरून आणलेला, मोबाइलचा ब्राइटनेस कमी करून बसलेला एखादा तरुण मुलगा. हे चित्र साफ खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते अर्धंच आहे. कारण याच क्लासिकलच्या दुनियेत एक भलामोठा कोपरा असा आहे, जिथे स्टेजवर शंभर वादक बसलेले असतात आणि त्यातल्या कुणालाच अजून तिशी दिसलेली नसते. त्याला म्हणतात यूथ ऑर्केस्ट्रा. थोडक्यात, आपल्या ऑफिसमधल्या ट्रेनी बॅचच्या वयाची मंडळी. फक्त हातात लॅपटॉपऐवजी व्हायोलिन, चेलो, ओबो आणि ट्रॉम्बोन.

गेली काही वर्षं मला या कॉन्सर्ट्सचं व्यसन लागलंय. मोठ्ठी नावं आली की तिकिटांचे दर बघूनच आपण गप्प बसतो. पण तरुण मुलांचा कार्यक्रम कुठे आहे असं कळलं, की मी ऑफिसमधून साडेपाचला सटकते. कॉलेजच्या हॉलमध्ये असो, चर्चमध्ये असो, नाही तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये. मित्रमैत्रिणी विचारतात, ‘अगं, शिकणाऱ्या मुलांचं काय ऐकायचं? ऐकायचं तर बेस्ट ऐक ना!’ हा लेख म्हणजे त्यांना एकदाच दिलेलं सविस्तर उत्तर आहे.

पहिल्यांदा वाजवण्याची गंमत

आधी फंडा समजून घेऊ. व्यावसायिक ऑर्केस्ट्रात वाजवणं हा जॉब असतो. दर आठवड्याला नवा कार्यक्रम. तीन-चार तालमी, की लगेच कॉन्सर्ट. त्यातल्या सीनियर वादकाने बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी आयुष्यात किती वेळा वाजवली असेल, हे त्यालाही आठवत नसेल. तो ती उत्तमच वाजवतो. पण तुमच्याआमच्यासारखाच त्यालाही एखाद्या गुरुवारी कंटाळा येतो, मान दुखते, घरच्या ईएमआयची आठवण होते.

यूथ ऑर्केस्ट्राचं तसं नसतं. बहुतेक ठिकाणी मुलं ऑडिशन देऊन निवडली जातात. सुट्टीत आठ-पंधरा दिवस सगळ्यांना एकत्र राहायला बोलावतात. आधी प्रत्येक वाद्याच्या गटाची वेगळी तालीम होते. तिथे शिकवायला व्यावसायिक ऑर्केस्ट्रातले अनुभवी वादक येतात. मग सगळे एकत्र बसतात. एकाच सिम्फनीवर दिवस-दिवस घासतात. आणि मग स्टेजवर जातात तेव्हा त्यातल्या बहुतेकांची ती सिम्फनी वाजवण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ असते. ही ‘पहिली वेळ’ पैसे देऊन मिळत नाही. ती वाजवण्यात ऐकू येते. कधी कधी जरा जास्तच जोरात ऐकू येते. एखादी नोट सटकते, एखादा हॉर्न कचरतो. पण ज्या क्षणी सगळे मिळून शेवटच्या चढाला लागतात, तेव्हा खुर्चीत मागे टेकून बसणं अशक्य होतं.

आणि आकडाही बघा. एरवी मोठ्या सिम्फनीला ८०-१०० वादक लागतात. ब्रिटनचा नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा रूथ रेल्टन नावाच्या बाईंनी १९४८ मध्ये सुरू केला. तिथे १९ वर्षांपर्यंतची मुलं असतात आणि स्टेजवर ती १६०च्या आसपास बसतात! पुढे बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख झालेला सर सायमन रॅटल मुलगा असताना याच ऑर्केस्ट्रात तालवाद्यं वाजवायचा. इतक्या मुलांनी एकाच वेळी एकाच दिशेने बो ओढणं हे नुसतं बघायलाही सॉलिड असतं. एचआरवाले आपल्याला लोणावळ्याला नेऊन दोरी ओढायला लावतात, त्याच्याऐवजी एकदा यूथ ऑर्केस्ट्राच्या तालमीला नेऊन बसवायला हवं. तंतुवाद्यांत दोघा वादकांत एक स्टँड असतो. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वाजवायचं थांबतो आणि पान उलटतो. बाहेरचा वाजवत राहतो. यावर कुणी ईमेल पाठवत नाही.

मुंबईचे मेहली मेहता

आता कुणी म्हणेल, हे सगळं गोऱ्यांचं कौतुक. थांबा. जगातल्या एका नामवंत यूथ ऑर्केस्ट्राचा जनक आपला मुंबईकर होता.

झुबिन मेहता हे नाव सगळ्यांनाच माहीत असतं. पण त्यांचे वडील मेहली मेहता यांची गोष्ट त्याहून भारी आहे. १९०८ मध्ये जन्मलेला हा पारशी व्हायोलिनवादक. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्या काळी मुंबईत सिम्फनी वाजवायची म्हणजे माणसं गोळा करण्यापासून तयारी. मनासारखं शिक्षण हवं म्हणून १९४५ मध्ये, संसार पाठीशी असताना, ते न्यूयॉर्कला जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले. नंतर मँचेस्टर आणि फिलाडेल्फियात नोकऱ्या केल्या. आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे लोक पीएफचा हिशोब मांडायला लागतात त्या वयात, १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा काढला.

कॉन्सर्ट फुकट. मुलांना शिकायचंय, लोकांना ऐकायचंय, मग मध्ये तिकीट कशाला? तीन दशकांहून जास्त काळ हा माणूस विशीतल्या मुलांसमोर उभा राहिला. १९९८ मध्ये बॅटन खाली ठेवली तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत जाऊन बसली. २००२ मध्ये मेहली गेले. मुंबईत १९९५ पासून त्यांच्या नावाने मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन काम करतंय, लहान मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवण्याचं.

मुलगाही त्याच मातीतला. झुबिन अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, मुंबई सोडून व्हिएन्नाला शिकायला गेले. १९५६ मध्ये शेजारच्या हंगेरीत उठाव झाला, तो चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. तेव्हा विशीतल्या झुबिननी सात दिवसांत विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा जमवला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत जाऊन कॉन्सर्ट केली. सात दिवस! आमच्या ऑफिसात दिवाळी पार्टीची थीम ठरायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गॅरेजमधून थेट लंडन

यूथ ऑर्केस्ट्राचा सगळ्यात गाजलेला चेहरा मात्र व्हेनेझुएलाचा. होझे अँतोनियो अब्रेऊ हे अर्थतज्ज्ञही होते आणि संगीतकारही. १९७५ मध्ये कराकासमधल्या एका गॅरेजमध्ये त्यांनी तालमीला सुरुवात केली तेव्हा समोर ११ मुलं होती. त्यातून ‘एल सिस्तेमा’ नावाची देशभराची चळवळ झाली. गरीब वस्तीतल्या मुलाला वाद्य द्यायचं, आणि एकट्याला खोलीत कोंडून शिकवण्याऐवजी पहिल्यापासून ऑर्केस्ट्रात बसवायचं, ही साधी कल्पना. याच व्यवस्थेत वाढलेला गुस्ताव्हो डुडामेल १८व्या वर्षी सिमोन बोलिवार यूथ ऑर्केस्ट्राचा संगीत दिग्दर्शक झाला. २००९ मध्ये तो लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला. एकेकाळी, १९६२ ते १९७८, ती खुर्ची आपल्या झुबिनची होती.

ऑगस्ट २००७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्समध्ये, या मुलांनी जी धमाल केली तिचं रेकॉर्डिंग आजही लोक शोधून शोधून बघतात. आधी शोस्ताकोविचची दहावी सिम्फनी, गंभीर, अंगावर येणारी. आणि शेवटी देशाच्या झेंड्याच्या रंगांची जॅकेटं घालून नाचत, वाद्यं गरगर फिरवत लॅटिन अमेरिकन तुकडे. खुर्च्यांवरून उठून वाजवणारा ऑर्केस्ट्रा बघून लंडनकरही उठले. माझ्या ओळखीतल्या कित्येकांची क्लासिकलशी पहिली भेट सभागृहात झालीच नाही, या क्लिपमध्ये झाली.

पण ही गोष्ट नुसती गोड नाही. एल सिस्तेमा सरकारी पैशावर चालते. त्यामुळे देशातलं राजकारण तापलं की चटके मुलांनाही बसतात. २०१७ मध्ये कराकासमध्ये निदर्शनं सुरू असताना याच व्यवस्थेत शिकलेला १८ वर्षांचा एक व्हायोलावादक मुलगा मारला गेला. डुडामेलने सरकारविरुद्ध तोंड उघडलं, आणि त्याच वर्षी त्याच्याबरोबर ठरलेला देशाच्या यूथ ऑर्केस्ट्राचा अमेरिका दौरा सरकारने रद्द केला. बॅगा भरून बसलेल्या त्या मुलांचं काय झालं असेल, याचा विचार मी तेव्हा बरेच दिवस करत होते. पुढे २०२१ मध्ये याच कराकासमध्ये ८,५७३ वादकांनी एकत्र वाजवून जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्केस्ट्राचा विक्रम केला. दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या, एकाच व्यवस्थेतल्या.

माहीमचा व्हायोला

आता जरा घरातलं. माझा मावसभाऊ माहीमला राहतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक कॅथलिक सर व्हायोलिन शिकवायचे. तो चौथीत असताना मावशीने त्याला तिथे घातलं, ‘संध्याकाळी उनाडक्या तरी करणार नाही’ म्हणून. पुढे हात मोठे झाले, तसं सरांनी त्याच्या हातात व्हायोला दिला. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला, जरा जाड आवाजाचा भाऊ. ऑर्केस्ट्रात मुख्य धून त्याच्या वाट्याला क्वचितच येते. तो मधला आवाज भरतो. म्हणजे ऑफिसात जो सगळ्यांची कामं वेळेत होतील असं बघतो आणि प्रेझेंटेशनमध्ये ज्याचं नाव नसतं, तो.

हा मुलगा इंजिनीअर झाला. शेवटच्या वर्षात तो विद्यार्थ्यांच्या एका ऑर्केस्ट्रात शिरला. शनिवार-रविवार तालीम. त्या सीझनला त्यांनी बीथोव्हेनची सातवी सिम्फनी घेतली होती. तिच्या दुसऱ्या भागाची सुरुवात तुम्ही ऐकलेली असणार. ‘द किंग्ज स्पीच’ या सिनेमात राजा शेवटी भाषण करतो तेव्हा मागे तीच वाजते. लांब-आखूड-आखूड-लांब-लांब, अशी संथ पावलं टाकत जाणारी लय. ती सुरू करतात खालचे आवाज, म्हणजे व्हायोला, चेलो, डबल बास. आणि व्हायोलाच्या वाट्याला येतो बराच वेळ जवळजवळ एकच सूर.

विचार करा. दोन बेडरूमच्या घरात तीन महिने रोज संध्याकाळी तो एकच सूर. टाऽ ट-ट टाऽ टाऽ. मावशी कुकर लावता लावता म्हणायची, ‘अरे, पुढचं कधी शिकवणार तुझे सर?’ काकांचा प्रश्न वेगळा होता. कॅम्पसमधून बेंगळुरूची नोकरी लागली होती, जॉइनिंगची तारीख आली होती, आणि चिरंजीव तारीख पुढे ढकलता येईल का म्हणून विचारत होते, कारण कॉन्सर्ट त्याच आठवड्यात. ‘यातून पुढे काय?’ काका विचारायचे. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला विचारलं असतं तर माझ्याकडेही नव्हतं. ‘ताई, तू तरी ये आणि या दोघांना घेऊन ये,’ एवढंच त्याने मला सांगितलं.

गेलो आम्ही तिघं. साधा शाळेचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखे वाजत होते म्हणून ते बंद केले होते. पहिला भाग संपला. मग वाऱ्याच्या वाद्यांचा एक उदास स्वर लागला, आणि तो विरता विरता खालून आली तीच लय. टाऽ ट-ट टाऽ टाऽ. मावशीने माझा हात घट्ट धरला. तो सूर तिला पाठ होता. आणि मग त्यावर दुसऱ्या व्हायोलिन आल्या, त्यांनी ती लय उचलली, आणि आता व्हायोला-चेलोंनी एक वेगळीच लांब धून धरली. मग पहिल्या व्हायोलिन, मग अख्खा ऑर्केस्ट्रा. चार-पाच मिनिटांत त्या एका सुरावर एवढी मोठी इमारत उभी राहिली. तीन महिने घरात जे ऐकू येत होतं तो पाया होता, हे त्या दोघांना तिथे, त्या उकाड्यात कळलं.

परत येताना टॅक्सीत काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘सुरुवातीला जे वाजत होतं, ते तूच होतास का रे?’ तो म्हणाला, ‘मी आणि अजून पाच जण.’

यापुढे ‘आणि त्याने नोकरी सोडली’ असं वाक्य वाचायची तयारी केली असेल तर सॉरी. त्याने नोकरी धरली. आठवडाभर उशिरा जॉइन झाला. विमानात व्हायोला हँडबॅगेज म्हणून नेला आणि वरच्या कप्प्यात ठेवताना दोन प्रवाशांशी भांडला. आता तो तिथे अजून तिघांना गाठून रविवारी चौघांत वाजवतो. जगभर यूथ ऑर्केस्ट्रातल्या कित्येक मुलांचं असंच होतं. सगळ्यांना व्यावसायिक ऑर्केस्ट्रात जागा मिळत नाही, तेवढ्या जागाच नसतात. कुणी शिक्षक होतं, कुणी डॉक्टर, कुणी आपल्यासारखं एक्सेलमध्ये अडकतं. पण ज्या वयात हे ठरतं, नेमक्या त्या वयात आपण त्यांना ऐकत असतो. समोर भरलेला हॉल आहे की तीस रिकाम्या रांगा, याने त्या वयात फरक पडतो. आपल्यापैकी कितीजणांचा तबला दहावीला सुटला, हार्मोनियम बारावीला पलंगाखाली गेली? अभ्यास हे एक कारण होतंच. पण ऐकणारं कुणी नव्हतं, हेही एक कारण होतं.

ऑर्केस्ट्रा बंदही पडतात

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये. युरोपियन युनियनचा यूथ ऑर्केस्ट्रा १९७६ पासून आहे. क्लॉडिओ अबाडोसारखा दिग्गज त्याचा पहिला संगीत दिग्दर्शक. २०१६च्या मे महिन्यात या ऑर्केस्ट्राने जाहीर केलं, की युनियनचं अनुदान गेलंय, सप्टेंबरपासून आम्ही बंद. जगभरातून ओरड झाली आणि काही आठवड्यांत पैशांची सोय झाली. तो वाचला.

अफगाणिस्तानच्या मुलांची गोष्ट तर अंगावर काटा आणते. अहमद सरमस्त यांनी काबूलमध्ये २०१० मध्ये संगीत संस्था सुरू केली. मुलं-मुली एकत्र शिकत. त्यांच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनच्या शेजारी रुबाब, सितार, सरोद आणि तबला. २०१३ मध्ये ही मुलं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवून आली. २०२१ मध्ये तालिबान परत आले, आणि संगीतच गुन्हा ठरलं. विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचे कुटुंबीय मिळून २७३ जण देश सोडून पोर्तुगालला पोचले. तिथे त्यांनी ऑर्केस्ट्रा पुन्हा जमवला. २०२४ मध्ये इंग्लंड दौऱ्याच्या ऐन तोंडावर त्यांचा व्हिसा नाकारला गेला, आणि गदारोळ झाल्यावर तो मिळाला. ज्यांच्या देशात आज त्यांचं वाद्य वाजू शकत नाही, ती मुलं ते वाद्य जगभर घेऊन फिरताहेत.

आणि मेहलींचा तो लॉस एंजेलिसचा ऑर्केस्ट्रा? २०२४ मध्ये अमेरिकन यूथ सिम्फनीने कामकाज थांबवलं. सहा दशकांच्या उंबरठ्यावर. कारण नेहमीचंच, पैशांचं गणित जुळेना. बातमी वाचली तेव्हा मी डेस्कवर होते आणि खरंच वाईट वाटलं. एका मुंबईकराने छप्पन्नाव्या वर्षी लावलेलं झाड, त्याच्यामागे पाव शतक टिकलं आणि मग गेलं. असल्या संस्था एका वेड्या माणसाच्या जिवावर उभ्या राहतात. टिकतात मात्र लोकांच्या जिवावर.

आपल्याकडे काय?

मुंबईत पाश्चात्त्य वाद्यांची परंपरा नवी नाही. हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळात स्टुडिओत व्हायोलिनच्या ज्या रांगा बसायच्या, त्यात गोव्याचे कॅथलिक वादक मोठ्या संख्येने असत. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले. त्यांतलेच एक अँथनी गोन्साल्व्हिस, प्यारेलाल यांचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातलं ते नाव त्यांचंच. तेव्हा वाजवणारे होते, पण तरुणांना रांगेने शिकवणारी व्यवस्था नव्हती.

२००६ मध्ये एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. सुरुवातीपासून त्यात परदेशी वादकांचा भरणा मोठा राहिला. लोक नावं ठेवतात, पण उपाय एकच होता, लहानपणापासून मुलं घडवणं. २०१२ मध्ये त्यांनी आपली संगीत अकादमी काढली, तिथे मुंबईची शाळकरी मुलं शिकतात. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी इंग्लंडमधली डॉक्टरी सोडून परतल्यावर २००९ मध्ये चाइल्ड्ज प्ले इंडिया फाउंडेशन सुरू केलं. ज्या मुलांच्या घरी व्हायोलिन घेण्याची ऐपत नाही, त्यांच्या हातात तिथे व्हायोलिन आणि चेलो येतो. या मुलांचे कार्यक्रम होतात. गर्दी फार नसते. आईवडील, शिक्षक आणि माझ्यासारखे दोन-चार वेडे.

आणि आपलं हिंदुस्थानी? तिथे तर तरुण कलाकाराचं काम अजून अवघड. ऑर्केस्ट्रात निदान शंभर सोबती असतात. इथे दोन तानपुरे आणि समोर अख्खा हॉल. भीमसेन जोशींची पहिली जाहीर मैफल १९४१ मध्ये झाली तेव्हा ते १९ वर्षांचे होते. कुमार गंधर्व मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत गाऊन गेले तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. त्या दिवशी समोर कुणीतरी बसलेलं होतं, हे विसरू नका. पुण्याच्या सवाईला आपण रात्रीच्या मोठ्या नावांसाठी जातो. पुढच्या खेपेला सुट्टी टाकून दुपारी पहिल्याच कलाकाराला जाऊन बसा. बहुतेकदा तो तरुण असतो. खुर्च्या भरायच्या असतात, आणि तो डोळे मिटून षड्ज लावतो.

पहिल्यांदा जाताय? मग एवढं लक्षात ठेवा

• कुठे बसायचं? बाल्कनीत. तिकीट स्वस्त आणि सगळा ऑर्केस्ट्रा नकाशासारखा दिसतो. कुणाकडून धून कुणाकडे गेली हे डोळ्यांनी कळतं.

• वेळ पाळा. सातचा कार्यक्रम म्हणजे सातचाच. उशीर झाला तर पहिला तुकडा संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. ट्रॅफिक हे कारण चालत नाही.

• टाळ्या कधी? सिम्फनीचे बहुधा चार भाग असतात, मधल्या शांततेत टाळ्या वाजवायची पद्धत नाही. सोपा नियम, कंडक्टर हात खाली करून आपल्याकडे वळला की वाजवा. चुकून वाजवल्या तरी आभाळ कोसळत नाही. १८१३ मध्ये व्हिएन्नात सातवी सिम्फनी पहिल्यांदा झाली तेव्हा लोकांनी तो दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला. चक्क वन्स मोअर! आपल्या संगीत नाटकांच्या प्रेक्षकांना हे ऐकून बरं वाटेल.

• कपडे? ऑफिसचेच चालतात. सूट-बूट लागत नाही.

• आधी थोडं ऐकून जा. बीथोव्हेनची सातवी, नाही तर ड्वोर्झाकची नववी, ‘न्यू वर्ल्ड’. यूथ ऑर्केस्ट्रांच्या या लाडक्या. लोकलमध्ये येता-जाता दोनदा ऐकलंत तरी हॉलमध्ये ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटेल.

• कुणाकडे बघायचं? कंडक्टरकडे सगळेच बघतात. तुम्ही शेवटच्या स्टँडवरच्या जोडीकडे बघा. खरी मेहनत आणि खरी धाकधूक तिथे असते.

• संपल्यावर लगेच पळू नका. मुलं वाद्यं पेटीत भरून बाहेर येतात, तेव्हा त्यांना गाठा. ‘छान झालं’ तर म्हणाच, पण ‘तुझा भाग कोणता होता?’ असं विचारा. पाच मिनिटं तुम्हाला सोडणार नाहीत.

सिनेमा, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून मल्टिप्लेक्समध्ये एका संध्याकाळचे जेवढे जातात, त्याहून या कॉन्सर्ट्सना बहुधा कमीच लागतात, आणि कित्येक ठिकाणी प्रवेश फुकट असतो. महिन्यातला एक शनिवार काढा. एकटे जाऊ नका, ऑफिसमधल्या त्या एकाला घेऊन जा, ज्याची गिटार दोन वर्षं कपाटावर धूळ खातेय. पुढच्या रांगा रिकाम्या असतील तर बिनधास्त पुढे जाऊन बसा. स्टेजवरून त्या मुलांना त्याच दिसतात.